आजच्या दिवस दूर

देवसिंग आर्णीच्या स्टँडवर एसटीतून उतरला आणि समोर ममता दिसली. पोट चांगलं पुढं आलेलं, हातात स्टीलचा डबा. पोरगी तीन वर्षांनी दिसत होती.

"जवळ येऊ नको," तो म्हणाला.

ती जागेवर थांबली. मागं तिचा नवरा रवी स्कुटी धरून उभा होता. त्यानं मान खाली घातली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तांड्याच्या तोंडाशी त्यानं हेच शब्द ऐकले होते. रवी बौद्ध. देवसिंगला तेवढं पुरलं होतं.

"तब्येत पाहाले आली, बा," ममता म्हणाली. बापलेकीचं बोलणं कायम बंजाऱ्यांच्या गोरबोलीत व्हायचं. आज ती मराठीत बोलली, परक्याशी बोलावं तसं. "तांड्यावरच्या सुखीमावशीनं सांगितलं, तुले नागपूरले नेलं म्हणून. लापशी आणली. तूप बेतानंच घातलं."

"तसं नाही, पोरी. आज मले औषध टोचलं. ते रक्तात आहे अजून. पोटातल्या लेकराले चांगलं नाही. आजच्या दिवस दूर राह्य."

हे खरं होतं. सकाळी नागपुरात त्याच्या रक्तात किरणं सोडणारं औषध मिसळलं होतं. मग छातीवर भलामोठा कॅमेरा आणून हृदयाची हालचाल टिपली. खालचे दोन कप्पे एका वेळी आवळतात की मागंपुढं, ते त्यात मोजतात. डॉक्टरीणबाईनं पडद्यावर दाखवलं. दोघं संगतीनं आवळले तर रंग एकच दिसतो. देवसिंगचा उजवा कप्पा हिरवा होता, डावा कुठं पिवळा तर कुठं लाल.

"डावा उशिरा आवळतो, बाबा. म्हणून तुम्हाला दम लागतो. दोघांना एका ठेक्यात आणायला यंत्र बसवावं लागेल. पुढच्या आठवड्यात या."

धोका आहे का, असं त्यानं विचारलं. आहे, बाई म्हणाली. आणि उठता उठता तिनं विचारलं, "घरात कोणी गरोदर आहे का? सून, मुलगी? आजचा दिवस तिच्याजवळ बसू नका."

"माह्यं लग्नच नाही झालं," पोरगा जीवन म्हणाला. "आन् बाले मुलगी नाही."

देवसिंग तिथंच बसला होता. त्यानं ऐकलं. ममता पोटुशी आहे हे त्याला सुखीबाईनं कधीच सांगितलं होतं. तो शर्टाची बटनं लावत राहिला.

"औषध," ममता आता म्हणाली. "मागच्या वेळी जात आडवी आली, आता औषध निघालं. विटाळ चांगला शोधून आणला, बा. नागपूरवरून."

"खोटं नाही बोलून राह्यलो. जीवनले विचार, तो होता तिथं."

जीवन स्टँडच्या कोपऱ्यात सकाळी लावलेली आपली मोटरसायकल ढकलत घेऊन आला.

"जीवन, सांग नं इले. बाईनं काय सांगितलं?"

जीवननं आरशात पाहून केस नीट केले. "मी तं पाणी आणाले गेलतो."

देवसिंग पोराकडं पाहत राहिला. खोटं बोलताना पोराची पापणीसुद्धा हलली नव्हती. हे तो शाळेत शिकला नव्हता.

"ममता," मागून रवी बोलला, "असं औषध असते. खरं असंल."

"तू गप राह्य. त्या दिवशी तांड्याच्या तोंडाशी तू पाणी पेला तो गिलास यानं नालीत फेकला. तू पाठमोरा होता. मी पाहिलं."

रवीनं स्कुटी वळवून ठेवली.

"उद्या ये," देवसिंग म्हणाला. त्याला दम लागला होता. "सकाळीच ये. घरी. जावयाले घेऊन."

जावई हा शब्द त्याच्या तोंडातून पहिल्यांदा निघाला. ममताला तो ऐकूसुद्धा गेला नाही.

"उद्या तुले दुसरं औषध टोचतीन," ती म्हणाली.

तिनं डबा दोन्ही हातांत धरला आणि एक पाऊल पुढं आली. देवसिंग एक पाऊल मागं सरकला. ती आणखी पुढं आली, तो आणखी मागं. बाकड्यावरची माणसं बोलायची थांबली. शेवटी त्याची पाठ वेळापत्रकाच्या भिंतीला लागली, तेव्हा त्यानं तिला अडवायला दोन्ही हात पुढं केले आणि तोंड फिरवलं.

ममतानं ते तोंड फिरवणं नीट पाहून घेतलं. मग पोट सांभाळत, एका हातानं गुडघा धरून ती वाकली आणि डबा फरशीवर ठेवला. अस्पृश्यापुढं ठेवतात तसा, दुरून.

"घे," ती म्हणाली.

स्कुटी दारव्ह्याच्या रस्त्यानं दिसेनाशी होईपर्यंत देवसिंग भिंतीला चिकटून होता. जीवन डबा उचलायला वाकला.

"हात नको लावू."

"काहून?"

देवसिंग डब्याजवळ फरशीवरच बसला. डबा त्यानं मांडीवर घेतला.

"बाईनं विचारलं होतं नं, मुलगी आहे का म्हणून. आहे म्हणून सांग."

"आता कोणाले सांगू?" जीवन म्हणाला आणि त्यानं किक मारली.