नावं उघडण्याचा दिवस

"सर, टिटवीला काढल्याचं पत्र टाईप करू, की अजून विचार करताय?" लिपिकबाईंनी दारातूनच विचारलं.

"करा."

"वर्षाचे गुण बुडतील हो तिचे. किंवा त्याचे. कोण असेल ते."

"करा म्हटलं ना."

टिटवी कोण, हे दोघांनाही माहीत नव्हतं. नियमच तसा होता आणि नियम सरांचाच होता. इथल्या विद्यापीठातली बारा मुलं, समुद्रापलीकडच्या विद्यापीठातली बारा, सगळ्यांचा मिळून आरोग्य या विषयाचा एक अभ्यासगट. दर बुधवारी संगणकावरच्या सामाईक फळ्यावर जमायचं आणि लिहून चर्चा करायची. चेहरा नाही, आवाज नाही, भाषाही दोन्हीकडच्यांना परकी. सरांच्या यादीतून प्रत्येकाने एकेका पक्ष्याचं नाव घ्यायचं. कोण कुठला हे कळलं की मुलं आपापल्या कोंडाळ्यात शिरतात, असं सरांचं म्हणणं. मुलांची खरी नावं त्या त्या विद्यापीठाकडेच राहायची आणि वर्ष संपलं की दोन्ही याद्या उघडायच्या.

या कल्पनेवर विभागप्रमुखांनी सरांची पाठ थोपटली होती. जगात शेकडो विद्यापीठं असताना सरांनी नेमकं तेच का निवडलं, हे मात्र कुणी विचारलं नाही. तिथे सरांची मुलगी शिकत होती. दीड वर्षात तिने बापाचा फोन उचलला नव्हता.

कारण सरांना चांगलं ठाऊक होतं. आईचं दुखणं त्यांनी तिला कळू दिलं नाही. तिची परीक्षा होती. परीक्षा झाली की सांगू, असं रोज म्हणत राहिले आणि ती घरी पोहोचली तेव्हा आईची खोलीसुद्धा आवरून झाली होती. "माझ्या आईचं तुम्ही एकट्यानेच ठरवलंत?" एवढं विचारून ती गेली, ती गेलीच.

लहानपणी पोरीच्या तोंडाला खळ नसायचा. झोपेतसुद्धा बडबडायची. सर तिला साळुंकी म्हणायचे. पक्ष्यांच्या यादीत साळुंकी त्यांनी मुद्दाम घातली होती आणि पलीकडून यादी परत आली तेव्हा साळुंकीपुढे घेतल्याची खूण होती. त्या दिवशी सरांनी चष्मा तीनदा पुसला.

साळुंकी एक अक्षर लिहीत नसे. पण बुधवारी ठोक्याला सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळे गेल्यावरच जायची. एक आठवडा चुकला नाही. वेळेची पक्की, आईवर गेलीय, असं सर मनात म्हणत. न बोलता का होईना, पोरगी बापाचं ऐकायला येते, एवढ्यावर त्यांचे दिवस चालले होते.

आणि मध्ये ही टिटवी. गुण असेच का देता, हेच पुस्तक का, प्रत्येक गोष्टीत कटकट. इकडच्या दोन मुलांनी तक्रारही केली होती. "डोक्यात हवा गेलेला कुणीतरी दिवटा असणार," सर लिपिकबाईंना म्हणाले होते.

मागच्या बुधवारी कळस झाला. विषय आरोग्याचाच असल्यामुळे सरांना आडोसा होता. महिनाभर मनात घोळवलेला प्रश्न त्यांनी फळ्यावर टाकला: घरच्यांपासून आजार लपवणं कधी योग्य ठरतं? खाली स्वतःच उत्तर लिहिलं, की लपवणारा मायेपोटीच लपवतो आणि नंतर जन्मभर जळत राहतो. ते चोवीस मुलांसाठी नव्हतंच. साळुंकीने वाचल्याची खूण उमटली. सर तिच्या उत्तराची वाट बघत बसले.

तेवढ्यात टिटवी आली. "लपवणारा स्वतःची सोय बघतो आणि वर तिला माया म्हणतो. चुकलो असं सरळ का म्हणत नाही? तुम्ही कुणाला म्हणालात का, सर?"

बगळ्याने लगेच हो ला हो केलं, मग खंड्याने. साळुंकी सगळं वाचत होती. सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. जरा कुठे पोरगी विरघळत असेल, तर हे कार्टं तिचे कान भरतंय!

पत्र पलीकडच्या विद्यापीठाला गेलं. टिटवीची शेवटची ओळ फळ्यावर राहिली: "काढा मला. पण उत्तर द्यायचं राहिलं."

पुढचा बुधवार शांततेत गेला. सगळे गेले, एकटी साळुंकी थांबली. सरांनी लिहिलं, "चुकलो. तुला बोलवायला हवं होतं. तुझा हक्क होता तो." वाचल्याची खूण तत्काळ उमटली. सर टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. किती दिवसांनी हलकं वाटलं होतं.

वर्ष संपलं. नावं उघडण्याच्या दिवशी सर नवा शर्ट घालून आले. लिपिकबाई पलीकडची यादी छापून घेऊन आल्या.

"तुम्हीच वाचा," सर म्हणाले. "आधी साळुंकी."

बाईंनी बोट फिरवलं. "साळुंकी... अहो, हे माणूस नाहीच. चर्चेची आपोआप नोंद ठेवणारं त्यांचं खातं आहे म्हणे. पक्ष्याच्या नावाशिवाय फळा कुणाला आत घेत नाही, म्हणून उरलेलं नाव त्याला देऊन टाकलं. वाचल्याची खूणही आपोआपच उमटते, असं लिहिलंय."

बाईंचं बोट खाली सरकत होतं.

"आणि आपली टिटवी. 'काढल्यानंतर विद्यापीठ सोडलं, नवा पत्ता दिलेला नाही.' बघा, मी म्हणत होते..." त्या मध्येच थांबल्या.

"नाव काय?"

बाईंनी कागद वाचला नाही. तो सरांकडे वळवून टेबलावर ठेवला आणि मान खाली घातली.

टिटवीच्या खऱ्या नावात मधलं नाव सरांचं होतं.