उरेदियाचं बी

चार बाजार उलटून गेले, तरी वाफ्यातून एकही कोंब वर आला नव्हता.

अनाएतो गुडघ्यांवर हात टेकून वाफ्याशी बसला होता. आधी त्याने कोंबड्यांना दोष दिला आणि त्यांना टोपल्यांखाली कोंडलं. मग उंदरांचा संशय आला म्हणून ताडाच्या झावळ्यांचं कुंपण घातलं. तरी माती जशीच्या तशी. वाटेने जाणाऱ्या पुरुषांना आयतीच करमणूक मिळाली होती. आयुष्यभर सुरणासारखे मोठमोठे कंद पिकवलेला, साठी उलटलेला माणूस बायकांच्या भाजीच्या वाफ्यात! उद्या हा बाजारात पाल्याच्या जुड्या मांडून बसेल, असं कोणीतरी मोठ्याने म्हणालंसुद्धा. अनाएतोने मान वर केली नाही.

उरेदियाला जाऊन पाच महिने झाले होते. तिची लुगडी तिच्या बहिणींनी नेली, भांडी सुनांनी वाटून घेतली. तिचं म्हणून जिवंत असं एवढंच उरलं होतं: माहेरून आणलेल्या उगूच्या, पाल्यासाठी लावतात त्या भोपळ्याच्या, वेलाचं बी. त्या वेलाचं एक पान घेतलं तर हाताचा पंजा झाकून जायचा. पाला मागायला आलेल्याला तिने कधी रिकामं पाठवलं नाही, पण बी मात्र जन्मात कोणाला दिलं नाही.

"काय भाऊजी, अंडी उबवताय का?" खांद्यावर कुदळ टाकून अकुआबाता आली. शेजारीण, उरेदियाची जिवाभावाची मैत्रीण आणि तितकीच भांडकुदळ. "मी तर बी मागायला आले होते. तिने मला एकोणीस वर्षं झुलवलं. म्हटलं, तुम्ही तरी द्याल."

"उगवू दे तर आधी."

तिने वाफ्याकडे पाहिलं. कुदळ खाली ठेवून ती वाकली, बोटाने माती उकरली आणि एक बी वर काढलं. नुसतं दाबलं तर आतून काळपट पाणी निघालं.

"पाणी जास्त झालं वाटतं," अनाएतो म्हणाला.

"पाणी नाही." तिने बी उलटसुलट करून पाहिलं. "भाऊजी, हे वाळवलं होतंत का?"

"म्हणजे काय! चांगलं सात दिवस. भोपळा पिकला तसा फोडला, बी धुतलं, चटईवर पसरलं. मी स्वतः राखणीला बसलो होतो. एकालाही बुरशी लागू दिली नाही." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जरा ऐट आली.

अकुआबाताचं तोंड उतरलं.

"सगळं पेरलंत? एखादं बी मागे ठेवलंय?"

"सगळं. का गं?"

"उगूचं बी वाळवत नाहीत, भाऊजी. वाळलं की मेलं ते. पेरायच्या दिवसापर्यंत भोपळा फोडायचाच नसतो, सावलीत पडू द्यायचा. बी त्याच्या पोटातच ओलं राहतं."

"मका वाळवतात. भेंडी वाळवतात."

"वाळवतात. हे नाही वाळवत."

अनाएतो तिच्या हातातल्या बीकडे बघत राहिला. "जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली होती, भोपळा जपा. एवढंच म्हणाली. मी जपलाच की."

अकुआबाताने हात लुगड्याला पुसले.

"मला कधी बोलली नाही ती," तो म्हणाला. "हे वाळवायचं नसतं, असं एका शब्दानेही बोलली नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण शब्द सुटला होता. कोठारातला कंद न् कंद अनाएतोला तोंडपाठ होता, कुठला कोणत्या शेतातला, कोणत्या सालचा. आणि इथे एकोणचाळीस वर्षं रोज रात्री तो या वाफ्यातला पाला रश्शात खात आला होता, मीठ कमी असलं तर तेवढं सांगत होता. चुलीपासून हा वाफा वीस पावलांवर. एकदाही तो इथे येऊन उभा राहिला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती ज्याच्यापाशी बोलून दाखवावी असं एकच माणूस होतं, तेच गेलं होतं.

"माझ्या वेलाचं बी आहे," अकुआबाता हळूच म्हणाली. "पान लहान आहे, पण चवीला बरं लागतं. संध्याकाळी आणून देते."

"नको."

त्याने तिच्या हातातलं कुजकं बी घेतलं, होतं त्याच खड्ड्यात ठेवलं आणि वर माती ओढली. हाताने थोपटून सारखी केली. अकुआबाता कुदळ उचलून जायला निघाली.

"अकुआबाता."

ती थांबली.

"पाला कधी खुडायचा असतो? सकाळी का संध्याकाळी?"

अकुआबाताने कुदळ खाली ठेवली आणि मोकळ्या वाफ्याच्या कडेला बसली.

"सकाळी," ती म्हणाली. "ऊन तापायच्या आत."

"आणि देठ कुठून तोडायचा?"