बंद खडकावरचा शिंपला

ये, जवळ बस, माझ्या पापाची गोष्ट सांगतो. मासे परत यावेत म्हणून गावाने प्रवाळाचा खडक वर्षभर बंद ठेवला होता. देवळात ती शपथ सुरात गाऊन सांगणारा मीच. तरी एका ओहोटीला तिथला मोठा शिंपला मी चोरून फोडला आणि खाल्ला.

गावच्या मानेआबात, म्हणजे सभाघरात, सभा बसली. थोरले पंच म्हणाले, “ज्याने हे केलं, त्याची इथली बैठक गेली.”

मी पंचांची नजर चुकवली. माझ्या शेजारी बसलेले म्हातारे तेबोकाआजोबा खोकत म्हणाले, “माझं काम ते. म्हातारपणी जीभ चाळवली.”



पंच माझ्याकडे वळले. “आजोबांना बाहेर तूच उचलून ने. तीन वर्षं झाली, त्यांना पाऊलही टाकता येत नाही.”

प्रार्थना करशील तेव्हा तेबोकाआजोबांची आठवण ठेव.