बंडूजींचा मान

देवळीच्या केशवला घडलेली गोष्ट डोळे मिटून बदलता येत असे. पण पोरीच्या लग्नात मुहूर्ताला तीन मिनिटं उरली अन् बहिणीचे यजमान बंडूजी चपला घालून मंडपाबाहेर निघाले, तेव्हा त्यालाही घाम फुटला. शेला-टोपी देताना बंडूजींचा नंबर दुसरा लागला होता. घरचा जावई रुसला असताना आमच्या पोरावर अक्षता पडणार नाहीत, असं व्याह्यांनी बजावलं.

केशवनं डोळे मिटले. पहिली टोपी बंडूजींना मिळाली.

"लहान काऊन आनली? डोक्यात बसूनच नाई राह्यली!"

पुन्हा डोळे मिटले. टोपी मापाची झाली.

"अन् फोटोवाला कुठी गेलता तवा? मुद्दामच पाठवला असन!"

मुहूर्ताला एकच मिनिट उरलं. केशवनं दात-ओठ खाल्ले अन् डोळे असे मिटले, की बंडूजी या घरचे जावई कधी झालेच नाहीत.

अक्षता वेळेवर पडल्या.

***

"दादा, तुह्या पोरीचंही झालं आता," त्याची पन्नाशीची बहीण इंदिरा हळूच म्हणाली, "माह्यासाठी स्थळ कवा पाह्यशीन?"