गोदामातला डिसेंबर

शारजात जुलै होता. बापूंच्या भंगाराच्या गोदामात मात्र नऊ डिसेंबर लागला होता.

दुपारच्या चहाला सहा जण जुन्या टायरांवर टीव्हीसमोर बसले होते. तांब्याची तार आहे असं समजून बापूंनी घेतलेल्या कंटेनरमधून स्कॉटलंडच्या एका टीव्ही केंद्राचं अख्खं वर्ष निघालं होतं. तेही तीस वर्षांपूर्वीचं. रोजच्या बातम्यांची रोज एक टेप, सोबत त्या लावायचं यंत्र. बापूंनी पहिल्याच दिवशी नियम केला होता : एका दिवसाला एकच दिवस.

"बापू, मॅडम आल्यात," त्यांचा मुलगा अंकुर म्हणाला.

त्याच्यामागे घामाने निथळत फियोना उभी होती. ती त्याच केंद्राची. टेपा चुकून भंगारात गेल्या होत्या, त्या परत न्यायला आली होती. अंकुरने फोनवर परस्पर हो म्हणून टाकलं होतं. सोमवारी कंप्रेसर यायचे होते, त्यांना जागा हवी होती.

"हमदुल्ला, मॅडम को टायर दे," बापू टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले.

"बापू, त्या बसायला नाही, टेपा न्यायला आल्यात. टुडे."

"आज? वेड लागलंय का तुला? सोळा तारखेला शाळेचा निकाल आहे."

शाळा एका बेटावरची. चार मुलं, एक बाई. कौन्सिल ती बंद करायला निघालं होतं, आणि टेपांमधला मार्च उजाडल्यापासून गोदामात दुसरा विषय नव्हता. त्यातल्या एका पोराला गोवर निघाला तेव्हा फोर्कलिफ्टवाल्या हमदुल्लाने त्याच्यासाठी दुआ मागितली होती. पोरगा एव्हाना चाळिशीचा झाला असेल, हे त्याला सांगायची हिंमत अंकुरला झाली नव्हती.

आज मात्र त्याचा धीर सुटला. "तीस वर्षं झाली हो त्याला! शाळेचं काय झालं ते मॅडमना माहीत असेल. विचारतो, आणि विषय खलास."

त्याने विचारलं. फियोनाचा चेहरा उजळला. "ओह, द स्कूल! दे..."

हमदुल्लाने ग्राइंडर चालू केला.

फियोनाने तोंड मिटलं. ग्राइंडर थांबला. तिने पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा ग्राइंडर. तिसऱ्या वेळी तिने नुसती जांभई दिली, तरी ठिणग्या उडाल्या.

"मॅडम को बोलो, अंकुर भाई," हमदुल्ला म्हणाला, "हमारा अभी नौ तारीख है."

"आणि वर्ष त्यांचंच आहे म्हणावं," बापू म्हणाले. "एकतीसची टेप संपली की मी स्वतः बांधून देतो. तोवर त्यांना जे माहीत आहे ते त्यांनी पोटात ठेवायचं. जमेल का, विचार."

अंकुरने मान खाली घालून विचारलं. 'इन्शाल्ला' तेवढं त्याने स्वतःच्या पदरचं घातलं.

फियोनाने टीव्हीकडे पाहिलं. शाळेच्या फाटकात बाई उभ्या होत्या. वाऱ्याने त्यांचे केस तोंडावर येत होते आणि चार पोरं कॅमेऱ्याला हात करत होती. गोदामातून दोन हात परत हलले. त्यातला एक बापूंचा होता.

ती टायरावर बसली. हमदुल्लाने तिच्या हातात चहा दिला. दुसरा हात त्याने ग्राइंडरच्या बटणावरून काढला नाही.

मग हवामान लागलं. नकाशाचा वरचा भाग पांढरा झाला. उद्या उत्तरेकडे जोरदार बर्फ. बापूंनी चुकचुकत शर्टाच्या बाहीने कपाळावरचा घाम पुसला.

"अंकुर, उद्या मॅडमना आणायला गाडी तासभर आधी पाठव," ते म्हणाले. "रस्ते बंद असतील."