येते म्हण

"दोन मिनिटं बोलून घ्या काका," डॉक्टर निनाद म्हणाले. "नळी घातली की त्यांना बोलता येणार नाही."

कृष्णकांत आयसीयूतल्या कॉटपाशी येऊन उभे राहिले. समोर शशिकलाबाई. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, छाती वरखाली होतेय. ऑक्सिजन मोजायचा चिमटा कानाला लावलेला, कारण बोटं इतकी गार आणि निळी पडली होती की तिथे मशीनला काही सापडेना.

डॉक्टरांनी बाहेर सगळं नीट समजावलं होतं. स्क्लेरोडर्माने आधी बोटांची कातडी आवळली, मग ओठांची, आणि हळूहळू आतली फुप्फुसंही ताठ होत गेली. त्या आजाराला आवर घालायच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती उतरली, तेवढ्यात न्यूमोनियाने दोन्ही बाजू धरल्या. आता व्हेंटिलेटरशिवाय इलाज नाही.

"पण ती नळी परत निघेल ना?" कृष्णकांतांनी विचारलं होतं.

"प्रयत्न करू काका," एवढंच डॉक्टर म्हणाले. थोडं खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं!

"रुचिरा कोन गावापर्यंत पोचलीय," कृष्णकांत बायकोला म्हणाले. "पुण्याहून गाडी काढली लगेच. येईलच आता."

शशिकलाबाईंनी मान हलवली. लेक येतेय हे कळलं.

"गॅस बंद केलाय. तुळशीला पाणी घातलंय. दूधवाल्याला अर्धाच लिटर टाक म्हटलंय."

अरे देवा! सगळा जन्म जिच्यासोबत काढला तिला सांगायचं काय, तर दूधवाला. मी घाबरलोय गं, तू नसलीस तर घरात माझा पाय ठरणार नाही, असं कितीतरी पोटात होतं. तोंडातून मात्र दूधवालाच निघाला. कृष्णकांतांना स्वतःचीच चीड आली.

तेवढ्यात शशिकलाबाईंनी हाताच्या मागच्या बाजूने मास्क वर सरकवला. बोटं वळत नव्हती ना.

"जाते," त्या म्हणाल्या.

आता हा शब्द त्यांच्या घरात कधीच चालला नव्हता. खांदा कॉलनीतल्या त्या घरातून कुणी 'जातो' म्हणून पाऊल बाहेर टाकलं की संपलंच. गॅस सिलिंडरवाला असो नाहीतर जावई, शशिकलाबाई त्याला दारातून माघारी बोलवायच्या, खुर्चीवर बसवायच्या, दोन घोट पाणी पाजायच्या आणि म्हणायला लावायच्या, "येतो म्हणा." मगच सुटका. कृष्णकांत तर मुद्दाम छळायचे. बूट चढवून झाले की दारातून मोठ्याने, "जातो गं!" मग आतून, "अहो, कधी सुधारणार आहात का तुम्ही?" मग पाण्याचं भांडं, आणि ऑफिसची बस चुकायची.

आणि आज त्याच बाई म्हणत होत्या, जाते.

कृष्णकांत भडकलेच. "काय म्हणालीस? येते म्हण! शशी, आधी येते म्हण!"

आवळलेल्या ओठांना हसणं जमत नव्हतं, पण डोळे हसले. फिरकी घेत होत्या! एकेका श्वासाला महाग झालेली बाई, आणि नवऱ्याची फिरकी घेतेय. सगळ्या वर्षांचं उट्टं काढून घेतलं. मग त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. म्हणायचं होतं त्यांना, पण दुसऱ्या शब्दापुरतीही हवा आत नव्हती. मशीन ओरडायला लागलं. सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी मास्क घट्ट बसवला.

"काका, बाहेर थांबा आता."

"एक मिनिट डॉक्टर. तिला फक्त एक शब्द म्हणू द्या."

"वेळ नाहीये काका. प्लीज."

सुईतून औषध गेलं. डोळे मिटत गेले, आणि सिस्टरनी पडदा ओढला.

कृष्णकांत बाहेर आले तेव्हा कानात एकच शब्द घुमत होता, जाते. घरी असती तर कुणीतरी तिला माघारी बोलावलं असतं. इथे तिला उठवून बसवणार कोण? आणि पाणी तर डॉक्टरांनी बंदच केलेलं. ते तसेच दारापाशी उभे राहिले.

दारावरचा वॉचमन रामू खुर्चीवरून उठला. "काका, बसा जरा. घाम फुटलाय तुमाला."

"पाणी आहे का रे?"

रामूने आपली बाटली पुढे केली. कृष्णकांत त्याच्या खुर्चीवर नीट टेकून बसले. सावकाश, एकामागून एक, दोन घोट प्यायले. बाटलीला बूच लावून परत दिली. मग उठले, आयसीयूच्या बंद दाराकडे तोंड केलं आणि म्हणाले, "येते."

रामूला वाटलं, म्हाताऱ्याची जीभ घसरली. "येतो म्हना काका," तो हळूच म्हणाला. "येते नाय."

"नाही रे," कृष्णकांत म्हणाले. "येतेच."