घड्याळजी तळ्यावर

जिन्यावरून पडून घड्याळजींचा उजवा हात मोडला, तेव्हापासून दुकानाला कुलूप होतं. मासेमारीचा नाद मात्र सुटला नव्हता. दर सुट्टीला मेहुण्याबरोबर तळ्यावर जाऊन ते डाव्या हाताने गळ टाकायचे.

प्लास्टर निघालं आणि आज त्यांनी पहिल्यांदाच गळाची काठी उजव्या हातात धरली. जरा वेळाने काठीचं टोक थरथरायला लागलं.

"अरे, लागला! ये लवकर!" घड्याळजी हरखून ओरडले. "हात चालतोय बघ माझा! उद्याच दुकान उघडतो!"

मेहुण्याने धावत येऊन काठी आपल्या हातात घेतली, तशी ती थरथरायची थांबली. त्याने ती परत दिली, तर पुन्हा थरथरू लागली.

 

"दुकान विकायला गिऱ्हाईक बघ," घड्याळजी हळूच म्हणाले.